पुढचा ब्रेक

हिनं चावी खिडकीतून फेकली. ती नळापाशी ओल्या फरशीवर पडली आणि घसरत मोरीच्या जाळीपर्यंत गेली. जावई वाकला, त्यानं ती उचलली, आणि तो पुन्हा सरळ उभा राहीपर्यंत ही खिडकीतून हलली नाही.

"हातात दिली असती तर हात झिजला नसता," तो म्हणाला.

"धुवावा लागला असता," ही म्हणाली.

मी पायरीवर उभा होतो. मध्ये काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं, पण काय ते सुचेना, म्हणून मी चष्मा पुसला. पूर्वी ही जावयाला अहो-जाहो करायची. जावई म्हणजे दहावा ग्रह, बाकीचे नऊ निदान लांब असतात, असं त्याच्या माघारी म्हणायची, पण समोर 'तुम्ही' सोडून बोलली नव्हती. ते 'तुम्ही' एका दिवसात गेलं. माझं गेलं नाही. मी अजूनही त्याला 'तुम्ही'च म्हणत होतो, आणि दर वेळी म्हटल्यावर हिची नजर माझ्या पाठीला टोचत होती.

तो दिवस असा. तो आमच्या मुलीला मागे बसवून मोटरसायकलवरून चालला होता. मागून ती काहीतरी बोलली, ते त्याला लागलं. शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर, भर उन्हात त्यानं गाडी थांबवली, 'उतर' म्हणाला आणि एकटा निघून गेला. ती चालत आमच्याकडे आली तेव्हा तिच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. दुसऱ्या दिवशी हा त्याच गाडीवरून तिला न्यायला आला. हिनं एक शब्द न बोलता गाडीची चावी काढून घेतली आणि म्हणाली, "ती चालत आली. तू चालत जा." तो चालत गेला. गाडी आमच्या अंगणात राहिली. ताडपत्रीखाली तिनं दोन पावसाळे काढले.

आता वकिलांकडचं सगळं उरकत आलं होतं. तो दुसऱ्या शहरात नोकरीला लागला होता आणि त्याला गाडी हवी होती. मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करते, रविवारीही दुकान असतं. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "बाबा, उद्या तो गाडी न्यायला येणार आहे. येऊ द्या. मला त्याचं तोंड बघायचं नाही. फक्त संध्याकाळी मी येईन तेव्हा अंगण रिकामं पाहिजे."

आईला न सांगता मला सांगितलं, कारण आई भांडली असती. मी हो म्हणालो. माझ्यावर कुणी काम सोपवलं की मला आधी धास्ती वाटते, आणि मग मी हो म्हणतो.

जावई तयारीनं आला होता. नवी बॅटरी, बाटलीत पेट्रोल, हत्यारांची चामडी पिशवी. तो गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मास्तर होता. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखाली वेगळा ब्रेक ठेवायचा, हा त्याचा धंदा. आमची मुलगी तिथंच त्याला भेटली, त्याच्याकडे शिकायला गेली होती. पुढं लग्न झाल्यावर मोटरसायकलला मात्र त्यानं तिला हात लावू दिला नाही.

त्यानं ताडपत्री ओढून काढली, बॅटरी बदलली, टाकी धुतली, पेट्रोल ओतलं. किका मारून मारून तो घामाघूम झाला. गाडी खोकली, काळा धूर ओकली आणि सुरू झाली. त्यानं खिडकीकडे बघितलं. त्याच्या तोंडावर जे होतं ते मला आवडलं नाही. मग तो ऐटीत गाडीवर बसला, गिअर टाकला आणि क्लच सोडला.

गाडीनं मागून उसळी घेतली. पुढचं चाक जमिनीत रोवल्यासारखं जागीच राहिलं. इंजिन बंद पडलं, गाडी कलली, आणि तोल सावरायला त्यानं जो पाय टाकला तो हिच्या कोरफडीच्या कुंडीत.

"फोडली!" ही खिडकीतून ओरडली. "ब्रेकचा मास्तर म्हणे! उभी गाडी पाडतोय."

"ढकला जरा," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

आम्ही दोघांनी ढकललं. पुढचं चाक फिरलं नाही, फरशीवर काळा ओरखडा काढत घासत आलं. त्यानं खाली बसून चाकाच्या आत बघितलं, बोटानं काहीतरी खरवडलं, बोट नाकाशी नेलं.

"पुढचा ब्रेक धरलाय. जाम झालाय पार."

"भंगारात घाल," ही म्हणाली. "भंगारवाले दारावरून जातातच."

तो माझ्याशी बोलल्यासारखं करून स्वतःशीच बोलला. "ब्रेकचा हा डबा खोलून बाजूला बांधतो. चाक मोकळं होईल. मागच्या ब्रेकवर जाईन."

"पुढं सगळा उतार आहे," मी म्हणालो.

"मग?"

"पुढच्या ब्रेकशिवाय जाऊ नका."

"का? मी मेलो तर तुम्हाला काय त्याचं?"

"तुम्ही मेलात तर तिला ते सांगायचं काम माझ्याकडे येईल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मीही दचकलो, कारण हे मी मोठ्यानं म्हणेन असं मला वाटलं नव्हतं. खिडकीतून ही म्हणाली, "बोलता येतं तर तुम्हाला."

मग त्यानं पिशवी सोडून हत्यारं फडक्यावर मांडली.

ब्रेक मला त्या दिवशी कळला. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घ्यायला एक डबा असतो, त्याला तो कॅलिपर म्हणत होता. डब्यात दोन पिस्टन. हँडलवरची ब्रेकची मूठ दाबली की आतलं ब्रेक ऑइल पिस्टन पुढं ढकलतं, पिस्टन पॅडला ढकलतात, पॅड तबकडीला धरतात. सोडलं की सगळं मागं यायचं. इथं मागं काही येत नव्हतं. त्यानं डब्याचे बोल्ट काढले, लाकडाचा ठोकळा लावून हातोडीनं ठोकलं, स्क्रूड्रायव्हर घालून पिळलं. दर ठोक्याला ही म्हणायची, "सावकाश, फरशी आमची आहे." शेवटी डबा तबकडीवरून सुटला. पॅड गंजून, काळपट चिकट होऊन बसले होते. चाक मात्र फिरलं.

पिस्टन बाहेर काढायला हवे होते. त्यानं पक्कड लावली, ती घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली, आणि त्याच्या बोटाचं साल गेलं. त्यानं शिवी दिली. ही म्हणाली, "घरात नाही हं."

"अंगणात आहे मी."

"अंगण घरातच असतं."

त्यानं बोट चोखलं आणि मला म्हणाला, "बसा गाडीवर."

"मी?"

"दुसरं कोण आहे? त्यांना सांगू?"

मी गाडीवर बसलो. जन्मात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसलो, तेही उभ्या गाडीच्या, पाय धोतरात अडकल्यासारखे गुडघे आवळून. डबा अजून नळीनं हँडलला जोडलेला होता. मी मूठ दाबायची, म्हणजे तेलाच्या जोरानं पिस्टन बाहेर सरकतील, असा बेत होता.

"दाबा. हळू. सोडा. दाबा. हळू म्हणजे हळू, पंप मारताय का?"

हा त्याचा शाळेतला आवाज असावा. आमच्या मुलीनंही हाच ऐकला असणार, असं मनात आलं आणि मी जरा जोरानंच दाबली.

एक पिस्टन सरसर बाहेर आला. दुसरा ढिम्म.

"एक मोकळा आहे ना, म्हणून सगळा जोर त्याच्याकडं जातो," तो म्हणाला. त्यानं मोकळा पिस्टन अंगठ्यांनी आत लोटला. "याला कशानं तरी आवळून धरला पाहिजे. मग जोर त्या दुसऱ्यावर येईल. आवळायला आहे काही?"

माझ्याकडे होतं. मी बोललो नाही. मी ग्रंथालयात कारकून होतो, तिथला बाइंडर निवृत्त झाला तेव्हा त्यानं मला स्क्रूनं आवळायचा, मुठीएवढा हिरवा शिकंजा दिला होता. फाटलेली पुस्तकं मी घरी चिकटवतो, तेव्हा पुठ्ठे आवळायला तो लावतो. त्याला मी कुणालाच हात लावू देत नाही. हे हास्यास्पद आहे, मला कळतं.

"ह्यांच्याकडे आहे," ही म्हणाली. "पुस्तकं आवळायचा. द्या की, बघताय काय? एकदाचा जाऊ दे."

मी शिकंजा आणला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

"अजून चालू आहे का पुस्तकांना पट्ट्या मारणं?"

"हो."

"आणि वाचतं कोण?"

मी पुन्हा गाडीवर बसलो.

शिकंज्यानं मोकळा पिस्टन आवळला गेला. मी मूठ दाबली. ती दगडासारखी झाली.

"दाबा. आणखी. धरून ठेवा."

माझी बोटं दमली. मूठ किंचित सुटली.

"सोडू नका म्हटलं ना! कानात काय बोळे घातलेत? दोन्ही हातांनी दाबा."

मी दोन्ही हातांनी दाबली. काहीच होत नव्हतं. मग आतून 'कट्' असा आवाज आला, सुपारी फुटावी तसा, आणि मूठ माझ्या हातात एकदम खाली गेली. दुसरा पिस्टन सुटला होता. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडे बघून हसलो. तोही हसला असता, पण मग आम्हा दोघांनाही आठवलं.

त्यानं दोन्ही पिस्टन काढले, डब्यातल्या खाचेत टोकदार सळई घातली आणि रबराची रिंग ओढून काढली. ती दोन बोटांत धरून उजेडात नेली. रिंग चपटी असायला हवी होती म्हणे. पण ती भिजलेल्या चण्यासारखी फुगली होती.

"हा गंज नाही," तो म्हणाला. त्यानं वास घेतला, मग पॅडचा वास घेतला. "तेल आहे. शिलाई मशीनचं तेल. कुणीतरी नळी घालून आत सोडलंय." त्यानं मान वर केली. "सासूबाई!"

"माझ्याकडे बघू नकोस. मला तेल घालायचंच असतं तर तुझ्या कानात घातलं असतं, तेही उकळून."

"साधं तेल लागलं की हे रबर फुगतं. पॅडला लागलं की पकड जाते. ब्रेक ऑइल वेगळं आणि तेल वेगळं. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो, ब्रेकला तेल लावलं की गाडी मेली समजा. हे कुणी केलं?"

मला ठाऊक होतं. निदान मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. पहिल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी खिडकीशी वाचत बसलो होतो. मुलगी अंगणात ताडपत्री वर करून पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली होती. तिच्या हातात हिच्या मशीनच्या तेलाची लांब चोचीची बाटली होती. फार जपून, भिंग बसवावं तशी, ती बाटलीची चोच चाकाच्या आत कुठंतरी टेकवत होती. मी खिडकीतून मागं झालो. दुसऱ्यानं बघू नये असं काहीतरी बघितल्यासारखं मला झालं. त्यानंतरही एकदा दिसली. गंजू नये म्हणून ती त्याची गाडी राखते आहे, म्हणजे तो परत येईल असं तिच्या मनात कुठंतरी आहे, असा अर्थ मी लावला. हे मी कुणालाही सांगितलं नाही. हिला तर नाहीच.

आणि आता हे त्याला कळलं असतं तर? ज्या माणसानं तिला रस्त्यात उतरवलं, त्याला कळलं असतं की ती त्याच्या गाडीला तेल घालत बसली होती.

"मी घातलं," मी म्हणालो.

"तुम्ही?"

"गंजू नये म्हणून."

तो हसला. आवाज न करता, खांदे हलवत. "पुस्तकात वाचलं असेल. अहो, माणसानं पुस्तकं चिकटवावीत, पुस्तकं. ब्रेकमध्ये मशीनचं तेल! तुमच्यासारखा माणूस माझ्याकडे शिकायला आला असता तर मी पहिल्या दिवशी फी परत करून हाकलला असता."

ही खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली. ते मला पाठीत जाणवलं.

नाक्यावर सुट्या भागांचं दुकान उघडं होतं. रिंगा, पॅड आणि ब्रेक ऑइल आणायला तो निघाला.

"चालतच ना?" हिनं विचारलं. "जा. सवय आहे तुला."

फाटक आपटलं. ही बाहेर आली आणि पायरीवर माझ्याजवळ उभी राहिली.

"तुम्ही जन्मात कधी दाराच्या कडीला तेल घातलंत?"

मी सांगितलं. काय बघितलं ते आणि मला काय वाटलं तेही. सांगताना ते मला जितकं खरं वाटत होतं त्यापेक्षा जास्तच खरं वाटायला लागलं. हिनं पदरानं तोंड पुसलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मला हिच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

"म्हणजे तिचं अजून मन आहे त्याच्यात."

"असं मला वाटतं."

"मग मघाशी बरं केलंत," ही म्हणाली. मला हे शब्द हिच्या तोंडून ऐकायची सवय नाही. "आता लवकर काढा त्याला. ती यायच्या आत. ती आली, हा काहीतरी गोड बोलला, म्हणजे संपलंच."

ही आत गेली आणि जेवण झाकून ठेवलं. त्याला विचारलंही नाही. तो आल्यावर नळाला तोंड लावून पाणी प्यायला आणि पुन्हा फरशीवर बसला. मी त्याला फडकं दिलं, हत्यारं उचलून दिली, उजेडाला आडवा येणार नाही असा बसलो. माझ्यासारखा हमाल त्याला फुकट मिळाला होता आणि तो तसंच वागवत होता. पॉलिश पेपरनं त्यानं पिस्टन घासले, रिंगा बसवल्या, पिस्टन आत दाबले, पॅड घातले, डबा चाकावर चढवला, नवं ब्रेक ऑइल ओतलं. शिकंजा त्यानं पायरीवर तसाच टाकला, ओला. तबकडी त्यानं पेट्रोलनं पुसून पुसून चकचकीत केली. हे मान्य करायला हवं, ब्रेकच्या बाबतीत तो कामचुकार नव्हता.

शेवटी हवा काढायची होती. मी मूठ दाबून धरायची, त्यानं खालचा छोटा नट सैल करायचा, हवेचे बुडबुडे आणि ब्रेक ऑइल बाहेर येणार, त्यानं नट आवळायचा, मगच मी मूठ सोडायची. आधी सोडली तर हवा उलटी आत जाते.

"दाबा. धरा." फुस्स झालं. "सोडा. दाबा. धरा..."

सूर्य समोरच्या घरांच्या मागं गेला होता. माझी बोटं बधिर झाली होती. तिचं दुकान बंद व्हायची वेळ झाली असेल, हे मनात आलं आणि मी रस्त्याकडे बघितलं. मूठ सुटली.

"ए म्हाताऱ्या!" तो ओरडला. "गेली ना हवा आत! पुन्हा पहिल्यापासून. एवढं एक काम होत नाही? मूठ धरून बसायचं, बस्स. म्हणूनच तुमच्या मुलीला—"

"तू नट बघ," मी म्हणालो. "मूठ मी धरतो."

तो थांबला. ते 'तू' त्यालाही ऐकू गेलं असावं. खिडकीत ही आली होती. त्यानं मान खाली घातली आणि पाना नटाला लावला. त्यानंतर मूठ सुटली नाही. हळूहळू ती कडक होत गेली, आणि शेवटी बोटांना असा ठाम अडसर लागला की मला स्वतःचंच नवल वाटलं.

"झालं," तो म्हणाला.

त्यानं गाडी सुरू केली, पुढं-मागं करून बघितली. हत्यारं पिशवीत टाकली. हेल्मेट घालणार, तेवढ्यात फाटक करकरलं.

मुलगी आली होती. खांद्याला डब्याची पिशवी. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही, ती पुढच्या चाकाकडे बघत होती.

"फिरतंय?"

"फिरतंय," तो म्हणाला. "तुझ्या बाबांची कृपा असूनही. ब्रेकमध्ये मशीनचं तेल ओतून ठेवलं होतं त्यांनी. आख्खा दिवस गेला माझा."

"बाबांनी?"

"त्यांनीच कबूल केलंय."

ती माझ्याकडे वळली. तिच्या नजरेत राग नव्हता, काहीतरी न जुळल्यासारखं होतं. "तेलाची बाटली कुठं असते ते तरी त्यांना ठाऊक आहे का? मी घातलं."

"अगं—" ही खिडकीतून म्हणाली.

त्यानं इंजिन बंद केलं. अंगण एकदम शांत झालं. त्याच्या ओठांच्या कडेला एक हसू यायला लागलं, आणि ते हसू कशाचं ते मला लगेच कळलं, कारण मी लावलेला अर्थच आता तो लावत होता. तो मला त्याच्या तोंडावर दिसला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हणजे तू गाडीची काळजी—" तो म्हणाला.

"पहिल्या दिवशी काय शिकवतोस तू?"

हसू तिथंच थांबलं.

"मी समोर बसले होते," ती म्हणाली. "वहीत लिहून घेणारे बाकीचे. मी पाठ केलं होतं. रबर फुगतं, पॅडची पकड जाते, गाडी मेली समजा. पहिल्या पावसात घातलं. दुसऱ्या पावसात घातलं. तू येणार म्हणून कळलं तेव्हा चाक फिरवून बघितलं, हललं नाही. मग भंगारवाल्याला आज संध्याकाळी, मी यायच्या आत, यायला सांगितलं."

"का?"

"तू आज पुन्हा इथून चालत जायला हवा होतास. आणि गाडी हातगाडीवर, तुझ्यादेखत."

"आणि चाक सुटलं असतं तर? पॅडला तेल, मी उतारावर. विचार केलास?"

"केला. तू ब्रेक बघितल्याशिवाय गाडी काढत नाहीस. माणसं रस्त्यात सोडतोस, पण ब्रेक बघतोस."

  हेल्मेट घालता घालता तो माझ्याकडे वळला. "मग तुम्ही कशाला खोटं बोललात?"

मी चष्मा पुसायला लागलो.

"निघ आता," ही म्हणाली. "अंधार पडेल."

त्यानं गाडी सुरू केली. फाटकातून बाहेर पडल्या पडल्या त्यानं पुढचा ब्रेक दाबला. गाडी नाक खाली घालून जागच्या जागी थांबली. त्यानं पुन्हा दाबला, पुन्हा थांबली. मग तो गेला. आवाज गल्लीच्या टोकाला वळला आणि विरला.

मुलगी पायरीशी आली. शिकंजा तिथं पडला होता.

"हा कुणी दिला त्याला?"

ही खिडकीतून नाहीशी झाली.

"मी," मी म्हणालो.

"लहानपणी मला हात लावू दिला नव्हतात याला."

"तू अंगण रिकामं पाहिजे म्हणाली होतीस."

"रिकामं म्हणाले होते. त्याला गाडीवर बसवून पाठवा म्हणाले होते?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

ते मी तिला कसं सांगणार होतो? तिच्या हातातली बाटली मी बघितली होती, आणि तिच्याच हातानं घासलेल्या माझ्या चष्म्याच्या काचांतून बघून भलतंच वाचलं होतं. 

"तुम्हाला नेहमी काहीतरी वाटतं, बाबा," ती म्हणाली.

फाटकाशी हातगाडी येऊन थांबली. भंगारवाल्यानं आत डोकावून बघितलं. "ताई, मोटरसायकल न्यायची होती ना? कुठं आहे?"

 मग घरातून हिचा आवाज आला. "ह्यांना ने."

भंगारवाल्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. "वजन भरायचं नाही, आजी."

मुलीचे ओठ हलले, पण तिनं हसू येऊ दिलं नाही. तिनं ताडपत्री गोळा करून हातगाडीवर टाकली. जुने पॅड टाकले, फुगलेल्या रिंगा टाकल्या. मग पायरीवरचा शिकंजा उचलला आणि तोही टाकला. आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

नको म्हणावं असं फार वाटलं. "नेऊ दे," मी म्हणालो.

ती जराशी थांबली. भंगारवाल्यानं हात घालायच्या आत तिनं शिकंजा परत उचलला आणि माझ्या हातात कोंबला.

"पुसून ठेवा," ती म्हणाली. "ब्रेक ऑइलनं रंग उडतो."

ती आत गेली. मी शिकंजा उजेडाकडे नेऊन बघितला. हिरवा रंग उडायला लागलाच होता.